कॉर्नेल प्रूइटसमोरचा रिकामा रकाना

बर्नाडेट कुचमार्स्की माझ्या प्रथम लक्षात आली ती डबा खाण्याच्या सुट्टीत, आणि तेही ती डबा खात नव्हती म्हणून. मी सातवीला गणित शिकवत असे आणि मंगळवारी जेवणाच्या हॉलवर लक्ष ठेवण्याची पाळी माझी असे. शेवटच्या टेबलाशी पोरांचा घोळका दिसला. मला वाटले, मारामारी. जवळ गेले तर घोळक्याच्या मध्ये ही किडकिडीत मुलगी उभी, आणि तिच्या दोन बाजूंना दोन मुलगे आपापले डबे उघडून. एकाला आपल्या बटाट्याच्या दोन पिरोगी, म्हणजे उकडलेल्या पोलिश करंज्या, देऊन दुसऱ्याचा केक हवा होता. सौदा बरोबर आहे की नाही हे सांगायचे काम तिच्याकडे होते.

"पिरोगी गार झाल्यात," ती म्हणाली. "गार दोनला अर्धा केक. पण थांब, केक कोणाचा?"

"माझाच."

"डब्यावर तर थेरेसाचं नाव आहे."

"ती माझी बहीण आहे."

"मग तिला विचारलंस?"

"अगं, ती पहिलीत आहे!"

"पहिलीतल्यांना तोंड असतं," ती म्हणाली आणि सौदा मोडला. केकवाला मुलगा "मोठी आली जज्जीणबाई" म्हणत निघून गेला.

मी तिला विचारले, "तू स्वतः कधी जेवणार?"

"जेवते की, बाई. उभ्याने जेवते. बसलं की मला सुचत नाही."

ते खरे होते. वर्गातही ती अर्धी बाकावर आणि अर्धी बाहेर असायची. उदाहरण सोडवताना तिचा एक पाय सतत हलत असे आणि पुढच्या बाकावरची मुलगी तक्रार करी. तिच्या प्रगतिपुस्तकात मी तीन वेळा लिहिले, "जागेवर बसत नाही." दुसरे काही लिहायला सुचले असते तर बरे झाले असते, कारण गणिते तिची सगळी बरोबर असत.

त्यानंतर मी तिला पाहिले ते अठरा वर्षांनी, माझ्याच दारात. बफेलोत आमच्या कैझरटाउन भागातली बहुतेक घरे दुमजली आहेत, खाली मालक आणि वर भाडेकरू. माझे यजमान फ्रान्सिस गेल्यावर वरचा मजला मी भाड्याने द्यायचा ठरवला, आणि खिडकीत लावलेली पाटी वाचून ती आली. कोट काढायच्या आधीच तिने माझ्या ओट्यावरचे सगळे डबे फिरवून नावाची बाजू पुढे केली. मी तिला लगेच ओळखले.

ती तेव्हा आमच्या बास्केटबॉल टीमच्या कचेरीत होती. सुरुवात तिकीटखिडकीवर केली, मग पगारपत्रकांच्या टेबलावर बदली झाली. तिथे खेळाडूंच्या करारांच्या नियमांचा एक जाड ग्रंथ पडलेला असे. वकील त्यातले हवे तेवढे पान उघडत. बर्नाडेटने तो पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला, रहस्यकथा वाचावी तसा, येरझाऱ्या घालत. तेव्हापासून टीमने कोणाला घ्यायचे, कोणाला द्यायचे, हे नियमात बसते की नाही ते पाहायचे काम तिच्याकडे आले.

ते काम मला तिनेच एकदा भाजी चिरता चिरता समजावले. खेळाडूंच्या पगारावर प्रत्येक टीमने किती खर्च करायचा याला एक रेषा आखून दिलेली आहे. आमची टीम कायम त्या रेषेच्या वर. अशा टीमला दुसरीकडचा खेळाडू हवा असेल तर नुसते पैसे देऊन तो मिळत नाही, आपली माणसे द्यावी लागतात. दिलेल्यांचा पगार आणि घेतलेल्याचा पगार एका ठरावीक मापात बसावा लागतो. म्हणून एखादा मोठा माणूस यायचा असेल, तर त्याच्यासमोर दुसऱ्या पारड्यात दोन-तीन लहान माणसे ठेवावी लागतात. त्यांपैकी एखादा कोणाला नकोच असतो; त्याचा पगार मात्र वजनाला हवा असतो.

"माणसं किलोवर," मी म्हणाले.

"किलो परवडले, बाई," ती म्हणाली. "किलो रोज बदलत नाहीत."

या सगळ्याला मुदत असते. फेब्रुवारीतला एक गुरुवार, दुपारचे तीन. त्यानंतर त्या मोसमात कोणी कोणाला हलवू शकत नाही. जानेवारी संपत आला की तिच्या पावलांचा आवाज माझ्या छतावरून बदलत जाई. आधी स्वयंपाकघर ते खिडकी, मग खिडकी ते दार, आणि शेवटच्या आठवड्यात नुसते गोल गोल. जेवण बंद. मी जिन्याच्या पायरीवर सूपचे भांडे ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी ते तसेच परत न्यायची.

मी लिहिते आहे तो फेब्रुवारी तिच्या नोकरीच्या अकराव्या वर्षातला. त्या वर्षी टीम बरी खेळत होती, पण बास्केटखाली उभा राहील असा उंच माणूस आमच्याकडे नव्हता. पश्चिमेकडच्या एका टीमकडे तो होता, सात फुटांचा, आणि त्यांना तो द्यायचा होता. हे रेडिओवर आले होते, त्यामुळे गावाला सगळे माहीत होते. आमच्याकडे जो तो मॅनेजर. शुक्रवारी चर्चच्या तळघरात तळलेल्या माशांच्या जेवणासाठी रांग लागते. त्या रांगेत आमचा शेजारी नॉर्ब, धंद्याने प्लंबर, सौदे मांडत उभा होता. मागे मी आणि बर्नाडेट.

"ती दोन पोरं द्या," नॉर्ब सगळ्यांना सांगत होता, "आणि वर तो म्हातारा प्रूइट द्या. नाही म्हणाले तर बर्फाचं फावडं फुकट द्या."

"प्रूइट कशाला घेतील ते? त्याला पळताना बघितलंय का?" रांगेतून कोणीतरी म्हणाले.

"मग फावडं ठेवा आणि प्रूइट टाका!"

सगळे हसले. नॉर्ब मागे वळला. "काय बर्नी, बरोबर की नाही? तुला तर सगळं ठाऊक."

"मला फक्त कोबी संपत आलाय एवढं ठाऊक आहे, नॉर्बकाका. पुढे सरका."

तिच्या तोंडून कचेरीतले एकही नाव कधी बाहेर पडले नाही. पण तिचा पाय हलत होता. नॉर्बने चुकून काहीतरी बरोबर सांगितले आहे, हे माझ्या लक्षात आले.

कॉर्नेल प्रूइट तेव्हा चौतीस वर्षांचा होता. बारा वर्षांत आठ गावांकडून खेळलेला. आमच्याकडे त्याचे दुसरे वर्ष होते आणि करार एकेका वर्षाचा. सामन्यात पाच-सहा मिनिटे खेळायचा, बाकी वेळ बाकावर बसून नव्या पोरांशी बोलायचा. टीमला तो आवडत असे आणि तिचे त्याच्यावाचून अडत नसे.

गुरुवारी दोनला पाच कमी असताना माझा फोन वाजला. एवढ्या वर्षांत त्या दिवशी तिने मला कधी फोन केला नव्हता. जिन्यात उभी असावी, आवाज घुमत होता.

"बाई, एक विचारू? नाव विचारायचं नाही."

"विचार."

"सकाळी मी सांगितलं की सगळं बसतं. नाही बसत. त्यातल्या एका माणसाला नाही म्हणायचा हक्क आहे. मी पाहिलं नाही. कोणीच पाहिलं नाही. त्यालाही माहीत नाही."

"मग साहेबांना सांग."

"सांगितलं. ते म्हणाले, कागद घेऊन जा आणि सही आण. जास्त बोलू नकोस."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. खरे सांगायचे तर त्या दोन-तीन क्षणांत तो सात फुटांचा माणूस मला आमच्या टीमच्या कपड्यांत दिसत होता. फ्रान्सिस आणि मी या टीमचे हरणे पंचवीस वर्षे एकत्र पाहिले होते.

"तो विचारेल ना, कागद कशाचा म्हणून?" मी म्हणाले.

"ते विचारत नाहीत, बाई. आयुष्यभर पुढे येईल त्यावर सह्याच करत आलेत." मग म्हणाली, "तुम्ही काही बोलत नाही."

"जेवलीस का?" मी विचारले.

ती हसली. "ठेवते," म्हणाली.

पुढचे तिने मला रविवारी सांगितले, माझ्या स्वयंपाकघरात फेऱ्या घालत. मी ते तिच्याच क्रमाने लिहिते.

चूक अशी झाली. कचेरीतल्या मोठ्या तक्त्यात प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे एक रकाना होता, याला हलवायला त्याची परवानगी लागते का? ज्यांच्या करारात तसे कलम असे, त्यांच्यापुढे खूण. अशी कलमे फक्त बड्या खेळाडूंना मिळतात. प्रूइटच्या करारात तसले काही नव्हते, म्हणून त्याच्यासमोरचा रकाना रिकामा. पण त्या जाड ग्रंथात एक बारीक नियम होता. एकाच टीमशी लागोपाठ दुसरे वर्ष एकेका वर्षाच्या करारावर खेळणाऱ्याला त्या टीमकडून पुढच्या उन्हाळ्यात रेषेची पर्वा न करता वाढीव करार मिळू शकतो. मध्येच हलवले तर ती संधी बुडते. म्हणून अशा खेळाडूला त्याच्या मर्जीविरुद्ध हलवता येत नाही. हा हक्क करारात लिहीत नाहीत, तो आपोआप येतो. सगळ्यांनी करार पाहिला. बर्नाडेटनेही, सकाळी दहाला, करारच पाहिला.

पावणेदोनच्या सुमारास तिने प्रूइटचे कार्ड काढले. संगणकावर सगळे असले तरी ती पंधरा खेळाडूंची पंधरा कार्डे ठेवायची, पेन्सिलने लिहिलेली. मागच्या बाजूला तिच्याच अक्षरात होते, "दुसरे वर्ष. विचारावे लागेल." तिने ते सप्टेंबरात लिहिले होते आणि ती विसरली होती.

ती जनरल मॅनेजर ड्वाइट हॅम्रिकच्या खोलीत गेली. हॅम्रिक वाईट माणूस नव्हे. नाताळात सगळ्यांना नावानिशी पत्र लिहायचा. त्या वेळी त्याच्या दोन्ही कानांना दोन फोन होते.

"प्रूइटला वगळून बसव," तो म्हणाला.

"बसत नाही. एक कोटी चाळीस लाख डॉलरचा माणूस यायचाय. आपण देणार ती दोन पोरं मिळून एक कोटी. देतो त्याच्या सव्वापट आणि वर एक लाख, एवढंच घेता येतं. अकरा लाखांहून जास्त कमी पडतात. प्रूइटचे पंधरा लाख घातले तरच माप भरतं."

"दुसरा कोणी घाल."

"दोघे नुकतेच आलेत, त्यांना हलवायची मुदत अजून झालेली नाही. बाकीच्यांना ते घेत नाहीत."

हॅम्रिकने एक फोन खाली ठेवला. "बर्नी, सकाळी तू म्हणालीस बसतं."

"चुकले."

"मग आता दुरुस्त कर. त्याची सही आण. साधा कागद आहे म्हणावं. भाषण देऊ नकोस."

तिने कागद छापला आणि जिन्यात येऊन मला फोन केला. मग खाली गेली. लिफ्ट होती, पण लिफ्टमध्ये एका जागी उभे राहावे लागते.

प्रूइट उपचाराच्या खोलीत होता, दोन्ही पाय बर्फाच्या टबमध्ये. हातात मुलीचे शाळेतले पुस्तक होते, संध्याकाळी तिचा पाठ घ्यायला.

"ये बर्नी. सही का? कुठे करू?" त्याने पेन मागितलाही.

"आधी वाचा," ती म्हणाली.

"तू वाचलंस ना? मग झालं."

"मी सकाळी नीट वाचलं नाही, म्हणून तर आलेय."

मग तिने त्याला सगळे सांगितले. कोणत्या गावाला, कोणाच्या बदल्यात, आणि त्याच्या सहीशिवाय हे होत नाही. त्याने पुस्तक मिटून टबाच्या कडेवर ठेवले.

"म्हणजे मी नाही म्हटलं तर?"

"तर नाही."

"एवढंच?"

"एवढंच. पण दुसरी बाजूही ऐका. तिकडे तुम्हाला खेळायला जास्त मिळेल. इथे राहिलात म्हणून उन्हाळ्यात करार मिळेलच असं नाही. संधी आहे, खात्री नाही. आणि गावाला कळलं तर गाव शिव्या देईल."

"गाव तसंही देतं." तो हसला. "तुला सांगू? एकदा मला टीव्हीवर कळलं. एकदा विमानतळावर. एकदा तर न्हाव्याच्या खुर्चीत बसलो होतो, अर्धं डोकं झालेलं, आणि तो न्हावी म्हणतो, साहेब, तुम्ही गेलात. बारा वर्षांत विचारलं कोणी नाही." मग त्याने विचारले, "तू काय केलं असतंस?"

"मी सांगणार नाही."

"का?"

"मला तो उंच माणूस हवा आहे. म्हणून."

त्याने दहा मिनिटे मागितली. त्याच्या एजंटला फोन केला, मग बायकोला. ती बाहेर बोळात येरझाऱ्या घालत होती. तिथे एक घड्याळ आहे आणि ते दर मिनिटाला टक् करते; त्या दिवसापासून तिला आवाज करणारे घड्याळ घरात चालत नाही. दोन एकतीसला दार उघडले. कागद तिच्या हाती न देता तो म्हणाला, "चल, मीच सांगतो त्याला." आणि ओल्या पायांत सपाता अडकवून, गुडघा धरत, तीन मजले चढून गेला. जिन्यावर पाण्याची पावले उमटली होती, ती तिला नीट आठवतात.

"साहेब, नाही," तो हॅम्रिकला म्हणाला. "पोरगी तिसरीत आहे. आत्ताच ही तिची तिसरी शाळा. जूनपर्यंत इथेच."

हॅम्रिक म्हणाला, "कॉर्नेल, बसून बोलू."

"बसलो तर उठता येणार नाही साहेब, गुडघा गेलाय," प्रूइट म्हणाला आणि खाली गेला.

उरलेल्या वीस-पंचवीस मिनिटांत बर्नाडेटने उभ्याउभ्या चार वेगवेगळे सौदे मांडून पाहिले. तीन नियमात बसले नाहीत. चौथा बसला, सगळ्या बाजूंनी बसला, आणि पलीकडच्या टीमने दोन छप्पन्नला नको म्हणून सांगितले. तीन वाजले. फोन एकदम गप्प झाले. हॅम्रिकने खुर्ची भिंतीकडे वळवली.

"तू कोणाच्या बाजूची आहेस?" त्याने तिच्याकडे न पाहता विचारले.

"तुमच्याच. म्हणून तर पावणेदोनला आले. तीननंतर, सौदा रद्द झाल्यावर आले असते तर?"

त्याने दोन्ही फोन टेबलाच्या खणात टाकले.

दुसऱ्याच दिवशी गावाला कळले की सौदा प्रूइटमुळे फिसकटला. कसे कळले, ते माहीत नाही. घरच्या पुढच्या सामन्यात तो बाकावरून उठला तशी लोकांनी हुर्यो उडवली. मी तिथे होते. मी ओरडले नाही, पण टाळीही वाजवली नाही. नॉर्ब तर कुंपणावरून बर्नाडेटला म्हणाला, "त्या म्हाताऱ्याला विचारायला कोण शहाणा गेला होता?"

"मी," ती म्हणाली.

नॉर्ब वळून आपल्या घरात गेला. त्या हिवाळ्यात त्याने तिच्या बाजूच्या वाटेवरचा बर्फ न सांगता साफ केला, पण महिनाभर बोलला नाही.

टीमची पुढची फेरी दोन सामन्यांनी हुकली. जूनमध्ये बर्नाडेटचा करार वाढवला नाही. तिचाही करार वर्षावर्षाचाच होता, हे मला तेव्हा कळले. हॅम्रिकने हात मिळवला आणि मिठाईचा डबा दिला. जुलैत त्यांनी प्रूइटलाही घेतले नाही. ज्या संधीसाठी त्याला तो हक्क होता, ती आलीच नाही. मुलीची तिसरी मात्र इथे पूर्ण झाली, आणि मग ते मेम्फिसला त्याच्या आईकडे गेले.

कचेरी सोडायच्या आधी तिने तक्त्यात प्रत्येक नावापुढे आणखी एक रकाना घातला होता, करारातल्या कलमाचा नव्हे, नियमाने आपोआप येणाऱ्या हक्काचा. तो अजून आहे की कोणी काढून टाकला, ते मला माहीत नाही.

तिला नोकरीचे फारसे वाटले नाही. आपण सकाळी दहाला "बसतं" म्हणालो, हेच तिला खात राहिले. त्या उन्हाळ्यात ती माझ्या परसात टोमॅटोच्या वाफ्यांभोवती फिरत तेच तेच बोले. एकदा मी तिला सातवीतल्या त्या केकची आठवण करून दिली. मला वाटले, तिला बरे वाटेल.

"कसला केक?" ती म्हणाली.

"थेरेसाचा. तू म्हणालीस, पहिलीतल्यांना तोंड असतं."

"मला काही आठवत नाही, बाई." तिने एक हिरवा टोमॅटो उगीच फिरवून पाहिला. "मी म्हणाले असेन तर सप्टेंबरातल्या कार्डासारखंच झालं. लिहून ठेवायचं आणि विसरायचं."

मी पाण्याची झारी उचलून पुढच्या वाफ्याकडे गेले.

आता ती शहरातल्या शाळांच्या बसगाड्यांचे मार्ग आखते. एकशे दहा गाड्या, आठ हजार मुले, आणि कोणाला किती अंतर चालायला लावायचे याचे नियम. सकाळी सहाला निघते, चारला परतते. बुधवारी ती खाली माझ्याकडे जेवायला येते. मी दोन खुर्च्या मांडते, आणि ती ओट्याला टेकून उभ्यानेच जेवते.